रायगढचे राजा चक्रधरसिंह : तालाला वाहिलेले आयुष्य

रायपूर – छत्तीसगढ शासन संगीत आणि कला क्षेत्रातील कार्याचा जो राज्य पुरस्कार देऊन गौरव करते, त्याचे नाव चक्रधर सन्मान असे आहे. हे नाव ज्यांच्या स्मरणार्थ देण्यात आले, ते राजा चक्रधरसिंह रायगढ संस्थानचे अधिपती होते. अवघ्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कथक नृत्याच्या लय-तालाचा जो पसारा मांडला, त्यामुळे जंगलपट्ट्यातील एका लहानशा संस्थानाचे नाव लखनौ आणि जयपूर या घराण्यांच्या जोडीने घेतले जाऊ लागले.

मराठी वाचकांच्या मनात रायगड म्हटले की शिवछत्रपतींची राजधानी उभी राहते. हे रायगढ मात्र निराळे. रायपूरच्या पूर्वेस सुमारे अडीचशे किलोमीटरवर, ओडिशाच्या सीमेलगत, केलो नदीच्या काठी ते वसलेले आहे. तरीही या राजघराण्याचे मूळ महाराष्ट्राच्या मातीशी जोडलेले आहे. परंपरेनुसार या राजगोंड घराण्याचे पूर्वज पूर्वीच्या चांदा मुलखातील, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील, वैरागड येथून इकडे आले. चक्रधरसिंहांनी पुढे हिंदीत लिहिलेल्या कादंबरीचे नाव बैरागढिया राजकुमार असे आहे. त्या शीर्षकातच पूर्वजांच्या गावाची आठवण जपलेली दिसते.

गणेशमेळ्याचा वारसा

चक्रधरसिंहांचा जन्म १९ ऑगस्ट १९०५ रोजी रायगढ येथे झाला. राजा भूपदेवसिंह यांचे ते द्वितीय पुत्र. वडील स्वतः कलांचे चाहते होते. रायगढमध्ये गणेशोत्सवाच्या काळात भरणारा मेळा त्यांनीच नावारूपाला आणला आणि या मेळ्याचा आरंभ चक्रधरसिंहांच्या जन्माच्या आनंदाशी जोडून सांगितला जातो. गायक, वादक, नर्तक, तसेच खेड्यापाड्यांतील नाचा आणि गम्मत या लोकनाट्यांचे फड या निमित्ताने रायगढात जमत. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर स्थानक असल्याने दूरच्या कलावंतांनाही तेथे पोहोचणे सोयीचे होते.

राजपुत्राच्या कानावर बालपणापासून दोन प्रकारचे ताल पडत राहिले. एक दरबारी मैफलीतला, मोजूनमापून बांधलेला. दुसरा गम्मतच्या फडातला, प्रेक्षकांच्या टाळीबरोबर रंगत जाणारा. पुढे त्यांनी जे कार्य केले, त्यात या दोन्ही संस्कारांचा वाटा होता.

रायपूरचे राजकुमार महाविद्यालय

१९१४ च्या सुमारास चक्रधरसिंहांना शिक्षणासाठी रायपूरच्या राजकुमार महाविद्यालयात पाठविण्यात आले. १८८२ मध्ये जबलपूर येथे सुरू झालेली ही संस्था त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात रायपूरला हलविण्यात आली होती. मध्य प्रांत आणि आसपासच्या संस्थानांतील राजपुत्रांना इंग्रजी शिक्षण, शिस्त आणि राज्यकारभाराचे धडे द्यावेत, हा तिचा हेतू होता. नेमून दिलेला दिनक्रम, मैदानी खेळ, परीक्षा आणि इंग्रज शिक्षकांची देखरेख अशा वातावरणात त्यांची उमेदीची वर्षे गेली.

या शिक्षणाचा हेतू नर्तक किंवा तबलावादक घडविणे हा अर्थातच नव्हता. परंतु विषयाची नीट विभागणी करणे, नोंदी ठेवणे आणि माहिती क्रमवार मांडणे ही वृत्ती चक्रधरसिंहांच्या पुढील ग्रंथकार्यात ठळकपणे दिसते. घरातून मिळालेली कलेची ओढ आणि विद्यालयातून आलेली पद्धतशीरपणाची सवय या दोहोंचा त्यांच्यात मेळ झाला.

१९२४ मध्ये ज्येष्ठ बंधू राजा नटवरसिंह यांचे निधन झाले आणि वयाच्या अठराव्या वर्षी संस्थानची गादी चक्रधरसिंहांकडे आली. संस्थान आकाराने सुमारे दीड हजार चौरस मैलांचे. शेतसारा आणि जंगल हेच उत्पन्नाचे प्रमुख आधार. हैदराबाद, बडोदा किंवा ग्वाल्हेर यांच्या तिजोरीशी त्याची तुलनाच होऊ शकत नव्हती.

दोन घराणी, एक दरबार

गादीवर आल्यानंतर चक्रधरसिंहांनी कथकमधील नामवंत गुरूंना रायगढला पाचारण केले. जयपूर परंपरेतील पंडित जगन्नाथप्रसाद आणि पंडित जयलाल, तर लखनौ परंपरेतील अच्छन महाराज हे त्यांपैकी अग्रगण्य. बिरजू महाराजांचे वडील म्हणून आज अच्छन महाराजांची ओळख अधिक असली, तरी त्या काळी ते स्वतः लखनौ घराण्याचे आधारस्तंभ होते. त्यांचे बंधू लच्छू महाराज आणि शंभू महाराज यांचाही रायगढ दरबाराशी संबंध आला.

या दोन परंपरांमधील भेद मोठा होता. जयपूरच्या नृत्यात पखवाजाच्या दमदार बोलांना, अवघड लयकारीला आणि पायांच्या तयारीला महत्त्व. लखनौच्या नृत्यात नजाकत, ठुमरीवरील अभिनय आणि भावदर्शन यांना मान. एका ठिकाणचा शिष्य दुसऱ्या ठिकाणची तालीम सहसा घेत नसे. रायगढात मात्र एकाच विद्यार्थ्याला दोन्हीकडचे गुरू शिकवू लागले. त्यासाठी राजाश्रयाबरोबरच राजाचा शब्दही लागत होता, कारण आपली खास बंदिश दुसऱ्या घराण्याच्या शिष्याला देण्यास गुरू सहजासहजी तयार होत नसत.

शिष्यांची निवड हा या कार्याचा सर्वांत धाडसी भाग मानावा लागेल. चक्रधरसिंहांनी त्यासाठी प्रतिष्ठित घराण्यांतील मुले शोधली नाहीत. आसपासच्या खेड्यांत गम्मतच्या फडांत नाचणाऱ्या मुलांमधून त्यांनी गुणी मुले हेरली आणि त्यांच्या राहण्याची, जेवणाची व शिक्षणाची सोय दरबाराकडे घेतली. कार्तिकराम, कल्याणदास महंत, फिरतू महाराज आणि बर्मनलाल हे पुढे नावाजलेले नर्तक या तालमीतून घडले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अलाहाबादच्या संगीत परिषदेसारख्या व्यासपीठांवर रायगढच्या शिष्यांचे नृत्य गाजले. चक्रधरसिंहांच्या नावामागे संगीतसम्राट ही उपाधीही याच काळात रूढ झाली.

लय, सूर आणि भाव

चक्रधरसिंहांचे कार्य समजून घेण्यासाठी कथकचे संगीत कसे चालते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. या नृत्याच्या संगीताचे तीन आधार आहेत. पहिला आधार लयीचा. विलंबित, मध्य आणि द्रुत अशा चढत्या क्रमाने नृत्य पुढे सरकते. सोळा मात्रांचा त्रिताल मिनिटाला साठ मात्रांच्या गतीने चालला, तर एक आवर्तन सोळा सेकंदांत पूर्ण होते. तोच ताल चौपट गतीने वाजला की आवर्तनाला केवळ चार सेकंद लागतात. नर्तकाला या दोन्ही टोकांवर तेवढ्याच अचूकपणे समेवर यावे लागते.

दुसरा आधार सुराचा. सारंगी किंवा संवादिनीवर एका आवर्तनाची छोटीशी धून सतत वाजत राहते. तिला लेहरा किंवा नगमा म्हणतात. तबला कितीही गुंतागुंतीचे बोल वाजवो, लेहरा आपली वाट सोडत नाही. नर्तक, वादक आणि प्रेक्षक या सर्वांना ताल कोठे पोहोचला आहे, हे लेहऱ्यावरून कळते. लेहऱ्यासाठी निवडलेला राग संपूर्ण प्रयोगाचा रंग ठरवितो आणि तबल्याची चाटही त्याच षड्जाशी मिळवून घेतलेली असते.

तिसरा आधार भावाचा. तबला किंवा पखवाजाच्या बोलांना शब्दार्थ नसतो, असा सर्वसाधारण समज आहे. रायगढच्या परंपरेने या समजाला वेगळे वळण दिले. तेथील परणांना स्वतंत्र नावे मिळाली. दलबादल, कडक बिजली ही त्यांतील काही. मेघांचे दाटून येणे असो वा विजेचा कडकडाट, त्या दृश्याला साजेशी अक्षरे, त्यांतील विसावे आणि त्यांची गती अशा रीतीने निवडलेली असते की केवळ बोलांच्या पढंतीतूनच श्रोत्यासमोर चित्र उभे राहावे. जयपूरची लयकारी आणि लखनौचा भाव यांची सांधेजोड रायगढने येथे, बोलांच्या रचनेतच केली.

चक्रधरसिंह स्वतः तबला आणि पखवाज वाजवीत आणि नृत्याचेही जाणकार होते. त्यामुळे गुरूने सांगितलेला बोल केवळ टिपून ठेवणे त्यांना पुरेसे वाटत नसे. त्याची लय कोणती, तो कोणत्या मात्रेवरून उठतो, त्याचा भाव काय आणि त्यावर कोणती अंगगती शोभेल, या प्रश्नांची उत्तरे त्यांना हवी असत.

ग्रंथांचा प्रचंड उद्योग

याच जिज्ञासेतून चक्रधरसिंहांच्या नावावर असलेले पाच मोठे ग्रंथ सिद्ध झाले. नर्तनसर्वस्वम् हा नृत्याविषयीचा, तालतोयनिधी हा तालांविषयीचा आणि रागरत्नमंजूषा हा रागांविषयीचा ग्रंथ. मुरजपर्णपुष्पाकर आणि तालबलपुष्पाकर या दोन ग्रंथांत परणे व तालरचना यांचा संग्रह आहे. या ग्रंथांमागे राजाच्या कल्पनेबरोबरच दरबारातील संस्कृत पंडित, वादक आणि नृत्यगुरू यांचे सामूहिक श्रम होते.

तालतोयनिधी म्हणजे तालांचा सागर. एका मात्रेपासून थेट ३८० मात्रांपर्यंतच्या तालांची मांडणी या ग्रंथात असल्याचे अभ्यासक नोंदवितात. मैफलीत सामान्यतः सात, दहा, बारा, चौदा किंवा सोळा मात्रांचे ताल वाजतात. या पार्श्वभूमीवर ३८० हा आकडा थक्क करणारा आहे. मिनिटाला साठ मात्रांच्या गतीने असा एकच फेरा पूर्ण होण्यास सहा मिनिटे आणि वीस सेकंद लागतील.

त्या काळी ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले होते. परंतु ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. विलंबित त्रितालाची अकरा-बारा आवर्तने झाली की तबकडी संपे. ख्याल किंवा ठुमरी आटोपशीर करून तबकडीवर घालता येत होती. हळूहळू लय वाढवीत दीड-दोन तास चालणारे कथक मात्र तिच्यात बसणे शक्य नव्हते. शिवाय तबकडीत हस्तमुद्रा आणि पदन्यास दिसणार कसे? अशा स्थितीत नृत्यसंगीत टिकविण्याचे हाताशी असलेले साधन म्हणजे लेखन. चक्रधरसिंहांनी तेच साधन निवडले आणि शक्य तेवढे पुढे नेले.

याखेरीज त्यांचे ललित लेखनही विपुल आहे. हिंदीत त्यांनी कादंबऱ्या व काव्य लिहिले. उर्दूत फरहत या टोपणनावाने गझला रचल्या. अलकापुरी आणि मायाचक्र या त्यांच्या अन्य कृतींची नावे हिंदी साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत.

आश्रयाची किंमत

या सर्व उद्योगाला मोठा खर्च येत होता. नामांकित गुरूंचे मानधन, शिष्यांचा वर्षानुवर्षांचा सांभाळ, पंडितांचे वेतन, ग्रंथांची भव्य हस्तलिखिते आणि दरवर्षीचा गणेशमेळा हे सारे एका लहान संस्थानाच्या उत्पन्नातून चालत होते. ते उत्पन्न अखेर शेतकऱ्यांच्या आणि जंगलात राबणाऱ्या आदिवासींच्या श्रमातून येत होते. चक्रधरसिंहांच्या कलाप्रेमाचा गौरव करताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही. मात्र याच तिजोरीतून गम्मतच्या फडातील गरीब मुलांना अखिल भारतीय कीर्तीचे शिक्षण मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

या व्यवस्थेत आणखी एक मोठी उणीव होती. सारा डोलारा एका व्यक्तीवर उभा होता. गुरूंना एकत्र आणणारी, शिष्य निवडणारी, ग्रंथांची दिशा ठरविणारी आणि खर्चाला मान्यता देणारी व्यक्ती एकच. तिच्यानंतर हे कार्य चालू ठेवील अशी स्वतंत्र संस्था उभी राहिली नव्हती.

७ ऑक्टोबर १९४७ रोजी राजा चक्रधरसिंह यांचे रायगढ येथे निधन झाले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्यांचे ज्येष्ठ पुत्र ललितकुमारसिंह गादीवर आले. मात्र डिसेंबर १९४७ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या उपस्थितीत नागपूर येथे छत्तीसगढमधील संस्थानांच्या विलीनीकरणाचा निर्णय झाला आणि १ जानेवारी १९४८ पासून रायगढ मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात सामील झाले. तीन महिन्यांच्या आत राजा गेला आणि राज्यही गेले. दरबारातील कलावंतांचा आश्रय संपला.

शिष्यांनी राखलेली परंपरा

यानंतर जे घडले, त्यातून चक्रधरसिंहांच्या कार्याची खरी परीक्षा झाली. त्यांचे भव्य ग्रंथ दीर्घकाळ सर्वसामान्य विद्यार्थ्यांच्या हाती आले नाहीत. बोलांची अक्षरे कागदावर उतरली, तरी त्यांचा वजनदार उच्चार, लयीतील सूक्ष्म लपंडाव आणि समेवर येण्याची ऐट गुरुमुखातूनच शिकावी लागते. ते ज्ञान शिष्यांच्या कंठात आणि पायांत जिवंत होते.

पंडित कार्तिकराम यांना १९७८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्काराने गौरविण्यात आले. १९८० च्या दशकारंभी तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने भोपाळ येथे चक्रधर नृत्य केंद्र स्थापन केले. तेथे कार्तिकराम आणि त्यांचे पुत्र रामलाल यांनी नव्या पिढीला रायगढच्या बंदिशी शिकविल्या. दरबार संपल्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर रायगढ शैलीला पुन्हा एक छप्पर मिळाले, ते असे. पंडित रामलाल बरेठ यांना २०२४ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. राजाने फडातून उचललेल्या एका मुलाच्या पुढच्या पिढीला मिळालेला तो राष्ट्रीय सन्मान होता.

दरम्यान, छत्तीसगढमध्ये कलाशिक्षणाचे एक कायमस्वरूपी केंद्रही उभे राहिले होते. खैरागढच्या राजपरिवाराने आपला राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. पंडित भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी या विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. रायगढचा दरबार एका राजाच्या आयुष्याबरोबर संपला, तर खैरागढचे विद्यापीठ कायद्याने स्थापन झाल्यामुळे टिकून राहिले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेला हा बदल एकाच प्रदेशात, अवघ्या दहा वर्षांच्या अंतराने घडला.

घराणे की शैली?

रायगढ हे कथकचे स्वतंत्र घराणे मानावे की नाही, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. घराण्याला किमान काही पिढ्यांची सलग परंपरा लागते आणि रायगढ हे जयपूर व लखनौ यांचे मिश्रण आहे, असे एक मत. दोन परंपरांच्या मिश्रणातून स्वतःच्या बंदिशी, स्वतःचे तालशास्त्र आणि स्वतःची शिष्यपरंपरा निर्माण झाली असेल, तर तिला घराणे म्हणण्यास हरकत नसावी, असे दुसरे मत. हा वाद अद्याप मिटलेला नाही. दलबादलसारखी परणे आज रंगमंचावर सादर होतात, तेव्हा त्यांचा रायगढशी असलेला संबंध मात्र आवर्जून सांगितला जातो.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून रायगढ येथे गणेशोत्सवाच्या काळात चक्रधर समारोह भरविला जातो. भूपदेवसिंहांच्या काळातील मेळ्याचाच हा नवा अवतार. देशभरातील गायक, वादक आणि नर्तक त्यात कला सादर करतात आणि त्यांच्या बरोबरीने छत्तीसगढच्या लोककलावंतांनाही मंच मिळतो. दरबारी ताल आणि गम्मतचा ताल एकाच ठिकाणी ऐकत वाढलेल्या राजाच्या नावाला हा शेजार शोभणारा आहे.

चक्रधरसिंहांच्या ग्रंथांचे संपादन, त्यांतील तालरचनांचे प्रात्यक्षिकासह ध्वनिचित्रमुद्रण आणि वयोवृद्ध गुरूंकडील बंदिशींचा संग्रह ही कामे आजच्या साधनांनी करता येण्याजोगी आहेत. तीन मिनिटांच्या तबकडीची मर्यादा आता उरलेली नाही. तालतोयनिधीतील सर्वांत दीर्घ तालाचा संपूर्ण फेराही पढंत, लेहरा आणि पदन्यासासह आज मुद्रित होऊ शकतो. रायगढच्या बंदिशी प्रत्यक्ष राजदरबारात शिकलेल्या पिढीकडून ज्यांना तालीम मिळाली, ते शिष्य आता वयाने ज्येष्ठ झाले आहेत. हे काम त्यांच्या हयातीतच व्हावे लागेल.